उन्हाळ्यात काढलेला कलर रोल मळकट आणि हिरवट का येतो? खान्देशातल्या नेहमीच्या तक्रारीचे निवारण

चैत्र सरून वैशाख लागला, की खान्देशात फिल्मवर फोटो काढणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. मार्गशीर्षात काढलेला साधा कलर रोल उत्तम आला होता, रंग भरलेले होते, चेहरे उजळ होते. त्याच दुकानातून घेतलेला, त्याच जातीचा, त्याच कॅमेऱ्यात घातलेला रोल एप्रिल-मे महिन्यात काढला, तर सावल्या मळकट आणि हिरवट-तपकिरी, चेहऱ्यांवर बारीक वाळू पसरल्यासारखे दाणे आणि आकाश पांढरेफटक. माणूस आधी रोलला दोष देतो, मग लॅबला, आणि शेवटी महागडा व्यावसायिक रोलच घ्यायला हवा होता असे म्हणून विषय सोडतो. हे तिन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे असतात, आणि ते चुकीचे का असतात हे निगेटिव्हच्या पट्टीवरच लिहिलेले असते, असा माझा अनुभव आहे.

दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी जळगावहून माहेरी, रावेर तालुक्यात जाते. निंबाच्या झाडाला झोके बांधलेले असतात, माहेरवाशिणी आणि त्यांच्या मुली गाणी म्हणत झोके घेतात, आणि ते फोटो मला फिल्मवरच हवे असतात. एका वर्षी २०० आयएसओचे (आयएसओ म्हणजे फिल्म किती चटकन प्रकाश टिपते त्याचे माप) चार रोल एकदम घेतले. त्यातले दोन दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजारात संपवले आणि ते मनासारखे आले. उरलेले दोन आखाजीला वापरले आणि त्याच लॅबला पाठवले. स्कॅन आले तेव्हा झोक्यावरच्या भाचीच्या चेहऱ्यावर शेवाळी छटा होती आणि आईच्या लुगड्याचा गर्द जांभळा रंग चिखलासारखा दिसत होता. पुढच्या वर्षी नवे रोल घेतले, तरी तेच झाले. तेव्हा मात्र मी दोन्ही ऋतूंतल्या निगेटिव्हच्या पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या, आणि एकाच तक्रारीच्या पोटात दोन वेगळी कारणे एकमेकांत मिसळली आहेत हे कळले. ती वेगळी कशी करायची, हे खाली सविस्तर लिहिते.

आधी निगेटिव्ह पाहावी, स्कॅन नंतर

स्कॅन हा पुरावा नव्हे. स्कॅनर प्रत्येक फ्रेम आपल्या हिशेबाने उजळतो, रंग फिरवतो, दाणे पुसतो किंवा वाढवतो. त्यामुळे स्कॅनमध्ये दिसणारा दोष कुठे जन्मला हे त्यावरून ठरवता येत नाही. निगेटिव्ह मात्र खोटे बोलत नाही. मोबाइलच्या पडद्यावर कोरे पांढरे पान पूर्ण उजेडात उघडावे, पट्टीच्या फक्त कडा धरून ती पडद्यापासून दोन बोटे वर धरावी आणि तीन ठिकाणी नीट पाहावे: कडेवरची अक्षरे, दोन फ्रेममधली कोरी जागा आणि प्रत्यक्ष फ्रेम.

कडेवर रोलचे नाव आणि फ्रेमचे आकडे उमटलेले असतात. ते आपल्या कॅमेऱ्याने काढलेले नसतात. कारखान्यातच प्रकाशाने फिल्मवर टाकलेले असतात आणि रोल रसायनांत धुतला की आपल्या फोटोंबरोबरच प्रकट होतात. म्हणून ते लॅबच्या कामाचे साक्षीदार आहेत. अक्षरे ठळक आणि भरीव असतील, तर रसायन आणि तापमान यांत मोठी चूक झालेली नाही. अक्षरेही फिकट आणि फ्रेमही फिकट, असे असेल तर रोल कमी धुतला गेला आहे किंवा रसायन थकलेले होते. अक्षरे ठळक, पण फ्रेम मात्र काचेसारख्या पातळ, सावल्यांच्या जागी नुसता नारिंगी रंग आणि तपशिलाचा मागमूस नाही, तर कॅमेऱ्यातून प्रकाशच कमी पोहोचला. आणि दोन फ्रेममधली कोरी जागा, जी स्वच्छ नारिंगी दिसायला हवी, ती त्याच जातीच्या चांगल्या रोलपेक्षा गडद आणि तपकिरी दिसत असेल, तर फिल्मवर धुके चढले आहे. म्हणजे उष्णता, जुनेपणा किंवा किरणे यांपैकी काहीतरी तिला लागले आहे.

या तपासणीसाठी एक चांगला रोल तुलनेला हाताशी असणे फार उपयोगाचे ठरते. नारिंगी छटा प्रत्येक जातीच्या रोलची थोडी वेगळी असते, त्यामुळे तुलना त्याच जातीशी करावी. माझ्या दोन पट्ट्यांमध्ये कडेची अक्षरे सारखीच ठळक होती, म्हणजे लॅब निर्दोष होती आणि मी तिच्यावर उगाच रागावले होते. मात्र आखाजीच्या पट्टीतली कोरी जागा सारंगखेड्याच्या पट्टीपेक्षा जराशी गडद होती, आणि झाडाखालच्या फ्रेम अगदी पातळ होत्या. थोडे धुके आणि बराचसा अपुरा प्रकाश, असे ते मिश्रण होते.

उन्हाने डोळे दिपतात, तरी प्रकाश कमी कसा पडतो

मेच्या भर उन्हात प्रकाश कमी पडला, हे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण या तक्रारीचे मुख्य कारण तेच आहे. मोकळ्या उन्हात २०० आयएसओच्या रोलला एफ १६ (भिंगाच्या छिद्राचे, म्हणजे अ‍ॅपर्चरचे माप; आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) आणि १/२५० सेकंद पुरेसे होतात. त्याच क्षणी निंबाच्या सावलीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याला एफ ४ आणि १/२५० लागतात, म्हणजे चार स्टॉपचा, सोळा पटींचा फरक; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे. आपला कॅमेरा बहुधा समोरच्या सगळ्या चौकटीची गोळाबेरीज करतो. चौकटीत मागे धुरळ्याने पांढरे झालेले आकाश, चुन्याने सारवलेली धाब्याच्या घराची भिंत, नांगरट न झालेल्या शेतातले वाळके पिवळे गवत असे सगळे उजळच उजळ असते, आणि झोक्यावरची मुलगी त्या चौकटीचा जेमतेम दहावा भाग व्यापते. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर मागच्या उजेडाकडे झुकतो, एफ ११ सांगतो, आणि चेहऱ्याला हवा त्याच्या आठव्या हिश्श्याइतकाच प्रकाश मिळतो.

डिजिटल कॅमेऱ्यावर वाढलेल्या हाताला इथे एक सवय उलटी करावी लागते. डिजिटलमध्ये उजळ भाग जळू नये म्हणून जरा कमी प्रकाश देणे शहाणपणाचे असते. कलर निगेटिव्हमध्ये जास्त प्रकाश पडलेला भाग गडद होतो, पण त्यातले तपशील टिकून राहतात. कमी प्रकाश पडलेल्या जागी मात्र काही नोंदलेच जात नाही, आणि जे नोंदले नाही ते कोणत्याही संगणकावर परत मिळत नाही. साधा रोल दोन, क्वचित तीन स्टॉप जास्त प्रकाश आनंदाने सोसतो. एक स्टॉप कमी प्रकाशाला कुरकुरतो आणि दोन स्टॉप कमी झाले, की हात टेकतो.

त्या कुरकुरीचे रूप दाणेदार आणि हिरवट का असते, हेही समजून घेण्यासारखे आहे. कलर फिल्मवर एकमेकींवर बसवलेले तीन मुख्य थर असतात: वरचा निळ्या प्रकाशाला, मधला हिरव्याला आणि तळचा लाल प्रकाशाला प्रतिसाद देणारा. प्रत्येक थरात चांदीच्या क्षारांचे मोठे, चपळ कण आणि बारीक, मंद कण असे दोन्ही असतात. भरपूर प्रकाश पडला, की बारीक कणही कामाला लागतात, त्यांच्याभोवती रंगाचे सूक्ष्म ढग तयार होतात आणि ते एकमेकांत मिसळून गुळगुळीत छटा देतात. धुताना चांदी पूर्णपणे काढून टाकली जाते आणि हे रंगाचे ढगच उरतात. प्रकाश अपुरा असला, की फक्त मोठे कण जागे होतात. त्यांचे ढग विरळ आणि भरड असतात, आणि मधल्या रिकाम्या जागा डोळ्यांना दाण्यांसारख्या दिसतात. शिवाय इतक्या कमी प्रकाशात तिन्ही थर सारखे वागत नाहीत. मग स्कॅनर त्या पातळ फ्रेमला ताणून उजेडात आणायला जातो आणि थरांमधला तो किरकोळ फरकही तितकाच ताणला जातो. सावल्यांतला हिरवटपणा तिथून येतो.

उपाय खर्चिक नाही. कॅमेऱ्यावर आयएसओ हाताने लावता येत असेल, तर २०० चा रोल उन्हाळ्यात १०० वर लावावा. सरसकट एक स्टॉप जास्त मिळतो आणि दाणेही बारीक दिसतात. पण तेवढ्याने सावलीतला चेहरा वाचत नाही, कारण तिथली तूट तीन स्टॉपची असते. म्हणून मीटरला मागचा उजेड दाखवूच नये. मी चेहऱ्याजवळ जाते, चौकट चेहऱ्याने भरते, वाचन घेते आणि मग मागे येऊन त्याच आकड्यांवर फोटो काढते. जवळ जाणे शक्य नसेल, तर स्वतःचा तळहात त्याच सावलीत धरून त्यावर वाचन घ्यावे आणि अ‍ॅपर्चर एक स्टॉप उघडावे, कारण तळहात मीटरच्या अपेक्षेपेक्षा साधारण तेवढाच उजळ असतो. झोक्यासाठी मी गेल्या दोन वर्षांत १/१२५ आणि एफ ४ हेच आकडे कायम ठेवते. झोका वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तेव्हा बटण दाबते. मागचे आकाश पांढरे होते, ते मी मान्य केले आहे. आकाश हवे असेल तर आकाशाचा फोटो वेगळा काढावा, त्यासाठी भाचीचा चेहरा काळा करू नये.

पूर्ण स्वयंचलित छोट्या कॅमेऱ्यात आयएसओ बदलता येत नाही. रोलच्या डबीवरचे रुपेरी-काळे चौकोन, म्हणजे १९८३ पासून रूढ झालेला डीएक्स कोड, कॅमेरा स्वतः वाचतो आणि त्याप्रमाणे चालतो. तिथे भरदुपारीसुद्धा फ्लॅश सक्तीने चालू करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. फ्लॅशचा प्रकाश दिवसाच्या प्रकाशाच्याच जातीचा असतो, त्यामुळे रंग बिघडत नाहीत. फक्त माणूस दोन-तीन मीटरच्या आत उभा असायला हवा.

काळ्या जमिनीचा परिणाम नेमका उलट होतो. पावसाळ्यात चोपडा-यावल भागात ओल्या काळ्या रानाने चौकट भरली, की मीटर फसतो, पण जास्त प्रकाशाच्या बाजूने फसतो, आणि तो फायद्याचाच ठरतो. जिनिंगच्या आवारातला कापसाचा ढीग मात्र मीटरला पुन्हा कमी प्रकाशाकडे ढकलतो. तिथे दीड ते दोन स्टॉप उघडावे लागतात.

जुन्या कॅमेऱ्यांबाबत एक सूचना राहिली. पूर्वीचे काही कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत. ते सेल आता मिळत नाहीत, म्हणून दुकानदार त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल देतो. त्या जादा दाबाने अनेक कॅमेऱ्यांचा काटा पुढे पळतो, मीटर आहे त्यापेक्षा जास्त प्रकाश असल्याचे सांगतो, आणि रोलच्या रोल एकसारखा कमी प्रकाशाचा निघतो. सावलीतल्याच नव्हे, तर उन्हातल्या फ्रेमही पातळ दिसत असतील तर हे आधी तपासावे. श्रवणयंत्राचा १.४ व्होल्टचा झिंक-एअर सेल त्या जागी बराच योग्य बसतो, मात्र तो हवेशी संपर्क आल्यापासून काही आठवड्यांतच संपतो.

उष्णता: मेमधल्या घराला खोलीचे तापमान म्हणता येत नाही

दुसरे कारण धुक्याचे. कोडॅक गोल्ड २००, कलरप्लस २००, अल्ट्रामॅक्स ४०० किंवा फुजीचे २०० आणि ४०० हे रोल सामान्य कुटुंबासाठी घडवलेले आहेत. एक रोल कॅमेऱ्यात महिनोन्महिने पडून राहणार, त्यावर एका टोकाला वाढदिवस आणि दुसऱ्या टोकाला लग्न असणार, तो दुकानात साध्या फळीवर ठेवला जाणार, हे सर्व गृहीत धरून त्यांची जडणघडण होते. प्रकाशाबाबतची त्यांची सहनशीलताही त्याच विचारातून आलेली आहे, आणि उबदार, भरीव रंगांकडे झुकणारा त्यांचा कलही. म्हणून मी त्यांना दुय्यम मानत नाही. घरच्या फोटोंसाठी याहून चांगला सोबती मला मिळालेला नाही. परंतु साध्या फळीवरची फिल्म म्हणताना बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे तापमान असते, ते भुसावळच्या मे महिन्यातले ४५ अंश नसते.

चांदीच्या क्षाराच्या कणावर प्रकाश पडून चांदीचे मोजके अणू एकत्र आले, की तो कण धुतल्यावर प्रकट होतो. हेच अणू उष्णतेनेही, प्रकाश नसताना, हळूहळू एकत्र येतात, आणि मग न पाहिलेल्या प्रकाशाचीही नोंद होते. तेच धुके. ४०० आयएसओचे चपळ कण २०० पेक्षा लवकर असे फसतात. तीन थर सारख्या वेगाने जुने होत नाहीत, त्यामुळे सावल्यांना एक छटा आणि उजळ भागांना दुसरी, असा पेच होतो, आणि तो एका रंगाची कळ फिरवून सुटत नाही. सावली सुधारावी तर चेहरा बिघडतो. काढून झालेल्या पण न धुतलेल्या रोलमध्ये तर नोंदवलेली प्रतिमाही उष्णतेने क्षीण होत जाते, म्हणून एकीकडे धुके वाढते आणि दुसरीकडे चित्र ओसरते.

माझी चूक मला पुढच्या आखाजीला सापडली. स्कूटरच्या डिक्कीत पाण्याची बाटली, पर्स आणि कॅमेऱ्याची काळी पिशवी ठेवून मी दुपारी जळगावहून निघाले होते. पोहोचल्यावर डिक्की उघडली, तर पर्समधली लिपस्टिक मऊ होऊन झाकणाला चिकटली होती, आणि कॅमेऱ्याचे धातूचे अंग हातात धरवत नव्हते. त्याच पिशवीत दोन्ही रोल होते. लिपस्टिक जिथे वितळते, तिथे फिल्म ठेवायची नसते, हे त्या क्षणी पक्के झाले.

तेव्हापासून न वापरलेले रोल फ्रिजमध्ये, त्यांच्या मूळ बंद डबीत आणि वरून झिपच्या पिशवीत ठेवते. वापरण्यापूर्वी निदान दोन तास डबी न उघडता बाहेर ठेवते, म्हणजे थंड फिल्मवर दव जमत नाही. पावसाळ्यात तर हे अजिबात टाळू नये. प्रवासात थर्माकोलच्या छोट्या पेटीत रोल ठेवते. पेटी नसेल, तर आमच्या कोरड्या हवेचा उपयोग करून घेता येतो: घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात प्लास्टिकच्या डब्यांसकट रोल ठेवावेत आणि डब्याभोवती ओले फडके गुंडाळावे. झळांच्या दिवसांत फडक्यातले पाणी भराभर उडते आणि डबा गार राहतो. पाण्याची पिशवी जशी गार राहते, तसेच ते आहे. फडके सुकले की पुन्हा भिजवावे, आणि पाणी आत जाणार नाही याची खात्री करूनच हा उपाय करावा. कॅमेऱ्यातला रोल मात्र अशा रीतीने वाचवता येत नाही, म्हणून उन्हाळ्यात मी ३६ फ्रेमचा रोल आठवडाभरात संपवते आणि लगेच काढून घेते. उरलेल्या चार-पाच फ्रेमचा लोभ धरून पावसाळ्यापर्यंत रोल कॅमेऱ्यात ठेवणे सर्वांत महाग पडते.

रोल बाहेरगावी लॅबला पाठवणाऱ्यांनी वाराचाही विचार करावा. शुक्रवारी दिलेले पार्सल रविवारभर पत्र्याच्या गोदामात किंवा गाडीत पडून राहू शकते. मी सोमवारी सकाळी देते. विमानाने जाताना रोल कधीही सामानात टाकू नयेत, सोबतच्या पिशवीतून न्यावेत आणि नव्या सीटी पद्धतीच्या तपासणी यंत्रातून जाऊ न देता हाताने तपासण्याची विनंती करावी. त्या यंत्रांचे किरण कमी आयएसओच्या फिल्मवरही धुके आणू शकतात.

घरी रोल धुणाऱ्यांना इथे एक निराळीच अडचण येते. कलर निगेटिव्ह धुण्याच्या, १९७२ मध्ये आलेल्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपरचे (प्रतिमा प्रकट करणाऱ्या रसायनाचे) तापमान ३७.८ अंश आणि वेळ ३ मिनिटे १५ सेकंद ठरलेली आहे, आणि अर्ध्या अंशाची चूकही रंगांत दिसते. पुस्तकी सूचना पाणी तापवून त्या तापमानाला आणण्याच्या असतात. आमच्याकडे मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतले पाणीच त्याहून गरम उतरते. म्हणून काम पहाटे करावे, किंवा रात्री भरून ठेवलेले पाणी वापरावे, आणि बर्फाचे तुकडे नेहमी बाहेरच्या टपात टाकावेत, रसायनात नव्हे.

स्कॅनरची मनमानी आणि केळीची बाग

निगेटिव्ह सर्व कसोट्यांना उतरली, तरी स्कॅन बिघडलेला असू शकतो, आणि रावेर-यावलकडच्या लोकांना हा दोष विशेष भोवतो. स्वयंचलित स्कॅनर असे धरून चालतो, की कोणत्याही फोटोतले सगळे रंग एकत्र केले तर सरासरी करडा रंग मिळावा. केळीच्या बागेत उभ्या असलेल्या माणसाच्या फोटोत मात्र चौकटीचा बहुतेक भाग हिरवा असतो. स्कॅनरला वाटते की फोटोला हिरवी छटा चढली आहे. तो ती घालवायला उलट दिशेचा, गुलाबी-जांभळा रंग ओततो, आणि माणसाचा चेहरा भाजल्यासारखा दिसतो. माझ्याकडे वडिलांचे लागोपाठचे दोन फोटो आहेत, एक बागेत पाटाजवळ आणि दुसरा दहा पावलांवर विहिरीच्या सिमेंटच्या भिंतीपुढे. पट्टीवर दोन्ही फ्रेममधला चेहरा सारख्याच गडदपणाचा आणि छटेचा आहे. स्कॅनमध्ये मात्र ती दोन वेगळी माणसे वाटावीत इतका फरक आहे. तिथे फिल्म बदलून काहीही होणार नाही. लॅबला लेखी कळवावे, की प्रत्येक फ्रेमचे रंग आपोआप दुरुस्त न करता पूर्ण रोल एकाच मापाने स्कॅन करावा, किंवा घरी डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्हची प्रत घेऊन रंग स्वतः लावावेत. निगेटिव्हचा नारिंगी रंग हा दोष नसून फिल्मच्या रंगद्रव्यांतली अशुद्धता भरून काढण्यासाठी मुद्दाम ठेवलेला मुखवटा आहे, आणि तो वजा करण्यासाठी दोन फ्रेममधली कोरी जागा हीच खरी मोजपट्टी असते. धुके चढलेल्या रोलमध्ये ती मोजपट्टीच बदललेली असते, म्हणून अशा रोलला नेहमीचे ठरावीक माप लावले, की सगळ्या फ्रेमवर एकच छटा चढते.

उरलेली कारणे थोडक्यात

फोटोवर लाल-नारिंगी पट्टे येत असतील तर त्याचा सावल्यांच्या मळकटपणाशी संबंध नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज बोटाने दाबून पाहावा. जुन्या कॅमेऱ्यांत तो उन्हाळ्यांमागून उन्हाळे सोसून डिंकासारखा चिकट झालेला असतो आणि बोटाला काळा लागतो. तिथून शिरलेला प्रकाश फिल्मच्या पाठीकडून येतो, तळच्या लाल थराला आधी गाठतो, म्हणून पट्टा लालसर उमटतो. स्पंज बदलून घ्यावा.

कानबाईच्या, म्हणजे श्रावणातल्या रोटांच्या उत्सवाच्या, रात्री घरात काढलेले फोटो पिवळे किंवा हिरवट येतात, ते दिव्यांमुळे. हे रोल सुमारे ५५०० केल्विनच्या दिवसाच्या प्रकाशासाठी बनवलेले असतात. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा प्रकाश इतका कमी असतो, की वरचा थर उपाशी राहतो. ट्यूबलाइटमध्ये हिरवा भाग जास्त असतो. २०० आयएसओचा रोल घेऊन रोटांच्या रात्री फ्लॅशशिवाय उभे राहू नये, एवढेच सांगणे पुरेसे आहे.

बिघडून आलेल्या रोलचे काय करावे

पातळ फ्रेममध्ये जे आहे, तेवढेच मिळते, पण ते तरी पूर्ण घ्यावे. लॅबकडे तीच फ्रेम पुन्हा स्कॅन करायला सांगताना उजेड वाढवायला सांगू नये; उलट सावल्या खऱ्या काळ्या होऊ द्याव्यात असे सांगावे. सावलीतला हिरवटपणा दिसतो तो तिला बळेच उजळल्यामुळे. सावली काळी केली, की चेहऱ्याचा जो भाग नोंदलेला आहे तो आपल्या रंगात उभा राहतो. छटांचा पेच फारच असेल, तर ती फ्रेम कृष्णधवल करावी. दाणे राहतात, पण कृष्णधवलमध्ये ते डोळ्यांना खुपत नाहीत. आखाजीचा तो पहिला, शेवाळी छटेचा भाचीचा फोटो मी असाच कृष्णधवल करून छापून घेतला, आणि माहेरच्या ओसरीवर आज तोच लावलेला आहे.

हे सर्व करण्यासाठी निगेटिव्ह हातात असावी लागते. रोल देतानाच पावतीवर ‘निगेटिव्ह परत हवी’ असे लिहून घ्यावे, कारण स्कॅन पाठवून झाल्यावर पट्ट्या काही काळाने टाकून देणाऱ्या लॅब आहेत. परत आलेल्या पट्ट्यांवर रोलचे नाव, महिना, कॅमेऱ्यावर लावलेला आयएसओ आणि रोल कुठे ठेवला होता, एवढी नोंद करून त्या पारदर्शक पाकिटांत, कूलरच्या वाऱ्यापासून दूर, घरातल्या सर्वांत थंड खोलीतल्या कपाटात ठेवाव्यात. पुढच्या वैशाखात नवा रोल धुऊन आला, की त्याची कोरी जागा याच पट्ट्यांशेजारी धरून पाहायची आहे.